खांदा

रबाळे, एमआयडीसी. रात्रपाळी.
बाहेर कुणाचा ट्रक मागे येतोय, त्याची ती चिडकी धून,
आत पंपाची एकसुरी धाप.

कुपीच्या तळाशी पांढरं काहीतरी,
इतकं हलकं की बूच काढताना मी श्वास धरते.
पाच मिलिग्रॅम. चिमटीतही यायचं नाही.
लेबल सांगतं : फक्त संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही.
पाठवणाऱ्याचा पत्ता घणसोलीतल्या एका व्यायामशाळेचा.
मला काय त्याचं. मला नंबर दिलाय, चारशे बारा.
चारशे बारा पाण्यात विरतो, कॉलममध्ये शिरतो,
ॲसिटोनायट्राइल हळूहळू वाढवत
मी त्याला बोलतं करते.

अकराव्या मिनिटाला रेघ उठते.
आम्ही त्याला पीक म्हणतो.
अण्णा पहिल्यांदा ऐकून हसले होते,
कंपनीत कसलं गं पीक?
सरळसोट, सुईसारखं, वर जाऊन परत खाली.
फक्त उतरताना उजवीकडे जरासं अडतं.
एक खांदा.

देवकुळे सर मागून वाकून बघतात,
त्यांच्या शर्टाला गुटख्याचा आणि इस्त्रीचा वास.
"कॉलम जुना झालाय, त्याचं आहे ते.
एकत्र धर. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. पास."
माउस माझ्या हातात.
खांद्यावरून रेघ सरळ ओढली की सगळं एकच पीक,
मध्ये उभी रेघ मारली की दोन.

मी नवा कॉलम लावते.
तो स्थिरावेस्तोवर चाळीस मिनिटं. हर्षला मढवी डबा उघडते,
सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी, "ये गं, थंड होईल."
मी जात नाही.
अकरावं मिनिट. खांदा आहे तिथेच आहे.

मग वजन घेतलं, रेणूचं वजन,
कुठल्याच तराजूत न मावणारं.
मुख्य माल बरोबर. खांदा सत्तावन्नने हलका.
सत्तावन्न म्हणजे ग्लायसीन, माळेतला सगळ्यांत लहान मणी.
ओवणाऱ्याचा हात एकदा चुकला असेल,
शंभरात दीड वेळा.

दाणा बाजारात अण्णांनी अठ्ठावीस वर्षं पोती वाहिली.
व्यापारी परखी खुपसून मूठभर तांदूळ काढायचे,
तळहातावर पसरून फुंकर मारायचे, भाव करायचे.
पोत्याच्या तोंडाशी चांगला माल असतो, हे सगळ्यांना माहीत.
अण्णांना परखी लागायची नाही.
पोतं चढलं की दोन पावलांत म्हणायचे,
हे कमी आहे. किलो, दीड किलो.
शेठ म्हणे, काटा बरोबर दाखवतोय.
अण्णा म्हणत, मग काटा परत लावा.
एकदा यापायी आठवडाभर त्यांना कुणी हाक मारली नाही.
ते कट्ट्यावर बसून राहिले, विड्या मोजत.
आम्ही त्या आठवड्यात काय खाल्लं ते मला आठवत नाही,
म्हणजे काहीतरी खाल्लंच असणार.

उभी रेघ.
शहाण्णव पॉइंट नऊ.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिते : एक अवशेष कमी असलेली अशुद्धी, वेगळी मोजली.
सही. तारीख. तीन वाजून बावन्न.
सर कागद वाचतात, मग माझ्याकडे नाही, घड्याळाकडे बघतात.
"पार्टी दुसरीकडे जाईल."
"जाईल सर."
दुसरीकडे कुणीतरी माउस धरून बसलेलं असेल,
तिला झोप आलेली असेल.

कोपरखैरण्याला अण्णा आता डाव्या कुशीवर झोपले असतील.
उजव्या खांद्यावर लिंबाएवढी गाठ, घट्ट, दुखत नाही म्हणतात.
मी तेल लावते तेव्हा बोटं तिथे येऊन अडतात,
उतरता उतरता, जराशी.

जायच्या आधी कॉलम धुवायचा.
मग कोरा नमुना, नुसतं पाणी.
त्यात काही दिसू नये म्हणूनच तो लावायचा असतो.
रेघ सपाट चालत राहते.
हर्षला पर्स घेऊन दाराशी उभी, चल ना.
मी म्हणते हो, आलेच,
आणि अकरावं मिनिट जाईपर्यंत बसून राहते.